टाळ्या देणारे डबे

प्राचार्य जयसिंगरावांनी कचऱ्याचे सगळे डबे स्टेजवर ओळीने मांडायला सांगितले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी सुचेता पुढे झाली.

"सर, लॅबमध्ये आम्ही एका वेळी एकच डबा चालवून पाहिलाय."

"मग आज सगळे बघू. समितीचे अध्यक्ष येतायत. त्यांच्या मनात भरलं तर तुमचा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स राहील. नाहीतर जूनपासून त्या लॅबमध्ये कॉमर्सची पोरं बसतील."

उपयोजित विज्ञानाच्या कॉलेजात कॉमर्स! सुचेताने डबे मांडले. शेवटच्या वर्षातल्या हर्षिताने ते बनवले होते. टाळी वाजवली की झाकण उघडायचं आणि थोड्या वेळाने आपणहून मिटायचं.

अध्यक्ष विश्वासराव बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमधून सुटून पोचले, तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती. शाल झाली, हार झाला, म्हैसुरी पेटा झाला. मग हर्षिताने एकेक डबा उलटा करून चालू केला आणि शाल-हार डब्यांवर ठेवून विश्वासराव त्यांच्याकडे पाठ करून बोलायला उभे राहिले. उपाशी सभागृह ढिम्म बसून होतं. त्यांनी एक विनोद केला, तरी कोणी हललं नाही. शेवटी जयसिंगरावांनीच कर्तव्य म्हणून एक टाळी वाजवली.

सगळी झाकणं ऐटीत उघडली. सुचेताने श्वास सोडला. मग एकेक करून सगळी मिटली, टप्प, टप्प. शेवटच्याचा आवाज ऐकून पहिलं पुन्हा उघडलं. ते मिटलं, तर शेजारचं उघडलं. बघता बघता ओळभर टपटपाट सुरू झाला.

"मिस, झाकणाचा आवाज त्यांना टाळी वाटतोय," हर्षिता कुजबुजली. "एकमेकांना टाळ्या देतायत."

"बटण बंद कर."

"ते तळाला आहे. वर नको, दिसायला बरं दिसत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

पाठीमागून आलेला तो कडकडाट ऐकून विश्वासराव गहिवरले. "सरी, सरी. स्वल्प थांबा," पुरे पुरे अशा थाटात हात उंचावून ते कन्नड वळणाने म्हणाले, आणि भाषणाचं पहिलं पान पुन्हा काढलं.

सुचेताने पदर खोचला आणि रांगत स्टेजवर शिरली. एका झाकणावर कोपर दाबलं, दुसऱ्यात सत्काराची शाल कोंबली, तिसरा डबा उलटा करायला गेली तर झाकणाला अडकलेला हार तिच्याच गळ्यात पडला. आता सभागृह पोट धरून हसायला लागलं आणि खऱ्याखुऱ्या टाळ्या पडल्या. मग शाल कोंबलेला डबासुद्धा धडपडायला लागला.

जेवताना विश्वासराव स्वतः तिच्या पानाशी आले. कोर्स गेलाच, असं धरून सुचेताने वांगीभाताचा घास खाली ठेवला.

"कोर्स राहील, अक्का. तेवढे डबे आमच्या ऑफिसात पाठवा."

"नक्की, सर. दोष काढून पाठवते."

विश्वासरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो काढू नका. सोमवारी माझं भाषण आहे."