मुठीचे तीन मालक

"परदेशातल्या दारांना आता आपलंच कुलूप!" कुलूपशेठनी जेवणाच्या टेबलावर घोषणा केली, तेव्हा हातात पाण्याचा पेला होता आणि चेहऱ्यावर मोहीम फत्ते करून आल्याचा भाव. मोहीम अजून सुरूही झाली नव्हती. पण असल्या किरकोळ कारणासाठी आनंद लांबणीवर टाकणाऱ्यांतले ते नव्हते.

कुलूपशेठ हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. घरामागच्या कारखान्यात पितळी कुलपं बनत आणि प्रत्येक कुलपावर एक चित्र ठोकलेलं असे: लावलेलं कुलूप खाली ओढून पाहणारी मूठ. मूठ अप्पांची, म्हणजे शेठच्या वडिलांची. सवय मात्र सगळ्या घराची! कुठे बाहेर निघालं की शेठ कुलूप लावून ओढून पाहत. मग त्यांची बायको ओढून पाही. मग अप्पा अर्ध्या जिन्यातून परत येऊन ओढत, कारण आधीच्या दोघांवर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता. या घरात कुलपाआधी कडीकोयंडा झिजायचा!

एका परदेशी व्यापाऱ्याला ही कुलपं पसंत पडली होती. शेठच्या कारखान्यानं कधी पाहिली नव्हती एवढी मोठी मागणी तो देणार होता. अट एकच: त्याच्या देशात ते चित्र शेठच्या नावावर नोंदलेलं हवं.

"नोंदणी आहेच की आपली!" शेठ आपल्या वकीलबाईंना म्हणाले.

"ती इथली. सरहद्दीपलीकडे तिला कोणी विचारत नाही. तिथे वेगळा अर्ज करायचा. आणि तिथे चित्र कोण जास्त वर्षं वापरतंय ते बघत नाहीत, अर्ज कोणाचा आधी आला ते बघतात."

"म्हणजे कोणीही सोम्यागोम्या उठून आमच्या अप्पांची मूठ स्वतःच्या नावावर करेल?"

"तुम्ही असेच ओरडत राहिलात तर आजच करेल."

शेठ घरी आले ते ओठांवर बोट ठेवूनच. बायकोला आणि अप्पांना त्यांनी सगळं समजावलं आणि शेवटी टेबलावर मूठ आपटली. "तेव्हा आजपासून हा विषय बंद! बाहेर नाही, घरातही नाही. मलासुद्धा विचारायचं नाही!"

"अहो, पण अर्ज केलात की नाही, एवढं तरी..."

"बंद म्हणजे बंद!"

बायकोनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी ताटाकडे पाहिलं. नवरा आणि मुलगा या दोन्ही नात्यांनी शेठना ओळखणारी ही दोन माणसं एकाच वेळी गप्प झाली, यात काळजी करण्यासारखं काही आहे असं शेठना वाटलं नाही.

पुढचे काही दिवस चित्रामागचा रंग निळा असावा की हिरवा, यात गेले. शेवटी वकीलबाईंनी वैतागून काळ्या-पांढऱ्यातच अर्ज पाठवून दिला, आणि थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला.

"शेठ, बसलेले आहात ना? तुमच्या आधी कोणीतरी अर्ज केलाय. एक नाही, दोघांनी! हुबेहूब तीच मूठ."

"कोण आहेत ते चोर?"

"निकालापर्यंत नावं गुप्त ठेवतात. तिकडचा नियमच तसा आहे."

शेठना चोर शोधायला नियम लागत नव्हता. ते तडक समोरच्या गल्लीतल्या बिजागरीवाल्याकडे गेले. हा त्यांचा जुना स्पर्धक.

"बऱ्या बोलानं मूठ परत दे!"

बिजागरीवाल्यानं स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "कोणाची?"

"अप्पांची! कुलपावरची!"

"अरे बाबा, मला काही चोरायचंच असतं तर चांगलं दिसणारं नसतं का चोरलं? तुझ्या कुलपावर मूठ आहे की फ्लॉवरचा गड्डा, यावर आमच्या दुकानात पैजा लागतात!"

अपमान गिळून शेठ परतले आणि वकीलबाईंकडून, तिकडच्या कार्यालयामार्फत, दोन्ही अज्ञात अर्जदारांना नोटीस धाडली. वकीलबाईंनी सौम्य मसुदा केला होता. शेठनी त्यात 'नीच', 'भुरटे' आणि 'आईबापांनी काय शिकवलं' ही भर घातली. उलट टपाली दोन उत्तरं आली. एकात लिहिलं होतं, 'आमच्या घरातल्या भोळ्या माणसाची मेहनत लुबाडणाऱ्या लांडग्या, तुला सोडणार नाही!' दुसऱ्यात होतं, 'पोरा, तुझ्या वयाचा मला एक गाढव मुलगा आहे, म्हणून हात आखडता घेतोय.'

"मला पोरा म्हणतो!" शेठ कडाडले. "आणि घरी गाढव मुलगा आहे, हे वर अभिमानानं सांगतो!"

अखेर परदेशी अधिकाऱ्यानं संगणकावरच सुनावणी लावली. चेहरे झाकलेले, बोलायचं वकिलांनी, पक्षकारांनी माइक चालू ठेवून गप्प बसायचं. शेठ 'जरा हिशेब बघतो' सांगून माळ्याखालच्या अडगळीच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. बायको म्हणाली, तिला स्वयंपाकघर आवरायचंय, कोणी आत येऊ नका. अप्पा डुलकी काढायला गेले, तेही दार लावून! बरंच झालं, कोणाला पत्ता लागायला नको, असं शेठनी मनाशी म्हटलं.

वकील बोलू लागले. मूठ मुळात कोणाची, यावर तिघांनीही 'आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांची' असं सांगितलं. अधिकारी चष्मा पुसू लागला. एवढ्यात दारावरची बेल वाजली.

ती शेठच्या घरात वाजली. शेठनी कानात घातलेल्या इअरफोनमधूनही वाजली, दोनदा!

"तिन्ही पक्षकारांकडे एकदमच कोणीतरी आलंय का?" अधिकाऱ्यानं विचारलं. दुभाष्यानं ते मराठीत सांगेपर्यंत बेल पुन्हा वाजली. पडद्यावरच्या तिन्ही काळ्या चौकोनांतून एकदमच आवाज आला, "आलो, आलो!" "आले हो!" "कोण मेलं कडमडलं आत्ता?"

तीन दारं उघडली. बोळात तीन माणसं समोरासमोर आली. तिघांच्याही कानांत इअरफोन. दाराबाहेरचा सिलिंडरवाला म्हणाला, "कुठे ठेवू?"

"लांडगा मी?" शेठनी बायकोला विचारलं.

"मला काय माहीत तुम्ही आहात! तुम्ही अर्ज नीट केला असेल याची खात्री वाटेना, विचारायची बंदी. मग तिकडच्या माझ्या भावाला करायला लावला!"

"आणि अप्पा, तुम्ही?"

"मी माझ्या जुन्या दलालाकडून. तुम्हा दोघांवर सोपवून मी स्वस्थ झोपू? आणि काय रे, मला आईबापांनी काय शिकवलं म्हणतोस? तुझ्या आजीला विचारतोस तू?"

शेठची मान खाली गेली. तिघं एकाच पडद्यासमोर येऊन बसले. अधिकाऱ्यानं डोकं धरलं आणि सांगितलं, "एकाच घरातले असाल तर आधी कोण, नंतर कोण हे बघत नाही. संध्याकाळपर्यंत दोघांनी अर्ज मागे घ्या. ज्याचा उरेल, त्याचं चित्र."

आणि इतके दिवस चित्रासाठी एकमेकांचे गळे धरणारं ते घर एकाएकी लाजेनं मऊ झालं.

"अप्पांचाच राहू दे. मूठ त्यांची," बायको म्हणाली.

"नको सूनबाई, तुझा अर्ज आधीचा."

"छे छे, मी मागे घेतो," शेठ म्हणाले. "तोंड दाखवायला जागा नाही मला."

"गप रे! कारखाना तू चालवतोस!"

या आग्रहातून निर्णय काही निघाला नाही. तिघंही डोळे पुसत आपापल्या खोलीत गेले. संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज फार शांत होता, आणि तेच वाईट होतं.

"अभिनंदन शेठ. तिघांनीही अर्ज मागे घेतलेत. आता त्या देशात तुमच्या चित्रावर कोणाचाच हक्क नाही. तुमचाही नाही!"

नवा अर्ज वकीलबाईंनी तिथल्या तिथे केला, पण तो पुन्हा रांगेच्या शेपटाला. व्यापाऱ्याचा माल तर निघायला आलेला! शेठनी फोनवर त्याच्यापुढे अक्षरशः नाक घासलं. तो थंडपणे म्हणाला, "मागणी मोडत नाही. पण नोंदणी होईपर्यंत चित्र नको. कोरी कुलपं पाठवा."

कारखान्यातला ठोकणीचा साचा उतरवला गेला. कोरी कुलपं पेट्यांतून रवाना झाली. पुढे रीतसर नोंदणीही झाली. शेठनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली आणि व्यापाऱ्याला कळवलं: आता मूठ येणार!

व्यापाऱ्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. 'कुलपं हातोहात संपली. दुप्पट पाठवा. लोकांना ती साधी, कोरी फार आवडली. कृपा करून त्यांच्यावर काहीही छापू नका.'

शेठनी ते दोनदा वाचलं. फ्रेमकडे पाहिलं. मग हळूच वकीलबाईंना फोन लावला.

"बाई, एक शंका होती. कोरेपणाची नोंदणी होते का हो?"

फोन कट झाला. लाइन खराब असणार, असं शेठ अजूनही म्हणतात.