अंगठा, ट्रॉली आणि गैरहजर कुत्रं

"जखमी कामगाराचा कायदा मला तोंडपाठ आहे, कडुबा! तू आता बिनघोर राहा!" असं नानासाहेबांनी जाहीर केलं आणि ते पलंगावर बसले. नेमके कडुबाच्या दुखऱ्या पायावर!

कडुबा असा ओरडला, की स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या, चंपाबाईच्या हातून साखरेचा डबा पडला. नानासाहेब मात्र शांतपणे सरकून बसले. उस्मानपुऱ्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. शेताच्या बांधाच्या एका दाव्यात ते एकोणीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले होते. दावा हरले, पण पायऱ्यांचा अनुभव राहिला. त्याच भांडवलावर ते अख्ख्या गल्लीला फुकट सल्ला द्यायचे. फुकट असल्यामुळं तक्रार करायलाही जागा नसायची!

"आता सांग, झालं कसं?"

झालं ते फार साधं होतं. वाळूजच्या कंपनीत कडुबा लोखंडी मालाची ट्रॉली उतारावरून ओढत होता. ओढता ओढता शेजारच्या इंद्रजीतला शिकवत होता, "ट्रॉली अशी ओढायची नसती गड्या, ढकलायची असती! ओढली की ती पायाव..." पुढचं वाक्य ट्रॉलीनंच पूर्ण केलं.

डाव्या पायाचा अंगठा निम्मा गेला. कडुबाचं काम आठ तास उभं राहायचं, आणि आता तर मोरीपर्यंत जातानाही तोल जायचा. कामावरचा अपघात म्हणून कामगार विम्याच्या ऑफिसची मंजुरी मिळाली, तर उपचार, रजेचा पगार आणि जन्मभराची भरपाई. नाही मिळाली, तर उरलेल्या अंगठ्यावर उरलेलं आयुष्य. सगळं एका कागदावर अडलं होतं. त्यावर छापलं होतं, ‘अपघात कसा घडला?’

"चूक कुणाची?" नानासाहेबांनी विचारलं.

"माझीच की!"

"चूप! हे पुन्हा तोंडातून काढू नको! चूक तुझी, म्हणजे दावा खलास! गुन्हेगार दुसरा कुणीतरी पाहिजे. तो इंद्रजीत व्हता ना तिथं?"

"नाना, त्यानं मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं!"

"म्हणजे हजर व्हता. लई बेस!"

"त्या माणसाची नोकरी खाऊ नका," आतून चंपाबाई कडाडली. "त्याच्या घरी तीन लेकरं हायेत!"

नानासाहेब विचारात पडले. नोकरी नसलेला, लेकरांची जबाबदारी न घेणारा आणि वकील न लावणारा आरोपी हवा होता. चहाच्या दुसऱ्या कपाला तो सापडला.

"कुत्रं!"

"कंचं कुत्रं?"

"तांबडं! रंग लिहिला की खरं वाटतं."

कडुबानं लिहून दिलं, ‘अचानक एक तांबडे कुत्रे आडवे आल्याने माझा तोल जाऊन ट्रॉली पायावर आली.’ नानासाहेबांनी दोनदा वाचून शाबासकी दिली.

चार दिवसांनी कडुबा पट्टी बदलायला दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी कागद वाचला आणि विचारलं, "चावलं का?"

"नाय साहेब."

"चाटलं?"

"नाय. नुसतं आडवं आलं."

"उघडी जखम आणि मोकाट कुत्रं! धोका कशाला पत्करायचा? पाच इंजेक्शनं घ्यायची."

कुत्रं नव्हतं म्हणावं, तर दावा जातो! कडुबानं बाही वर केली. न आलेल्या कुत्र्यासाठी सुई टोचून घेणारा तो मराठवाड्यातला पहिलाच कामगार असावा.

तिकडं कंपनीनं फारच मनावर घेतलं. आवारात जाळी लागली, पाट्या लागल्या. माणसं पाठवून तीन कुत्री पकडून आणली आणि ओळखपरेडीला कडुबाला रिक्षानं बोलावलं. एक काळं, एक पांढरं, एक दोन्ही. तांबडं एकही नव्हतं.

"नीट बघा," साहेब म्हणाले. "घाई नाही."

कडुबा वाकून नीट बघू लागला. तेवढ्यात पांढऱ्याला त्याचा लळा लागला आणि त्यानं जुन्या ओळखीच्या माणसाला भेटावं तशी त्याची पट्टी चाटून काढली! दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पण कुत्रं आत आलं म्हणजे ते गेटमधून आलं, असा शोध कंपनीच्या ऑफिसात कुणाला तरी लागला. त्या दिवशी गेटवर होता सांडू, देवगाव रंगारीचा. सांडू म्हणजे चंपाबाईचा सख्खा धाकटा भाऊ! सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर घरी बसा, अशी नोटीस घेऊन तो दारात उभा राहिला.

"दाजी, मी गेटवर झोपलो नव्हतो हो! आईची आण! माझ्यासमोरून उंदीर गेला नाय, कुत्रं कुठून गेलं?"

दाजी छताकडं बघत राहिले. चंपाबाई मात्र नवऱ्याकडं बघत होती.

"तुमचा अंगठा निम्मा गेला," ती म्हणाली, "पण माझा भाऊ अख्खा चाललाय!"

सुनावणीच्या दिवशी चंपाबाईही बरोबर निघाली. नानासाहेब रिक्षात कडुबाच्या कानाशी पुटपुटत होते, "तोंड उघडलं, की दावा बुडाला, ध्यानात ठेव!" विम्याच्या ऑफिसात दावे तपासणाऱ्या सरिता मॅडम फाइल उघडून बसल्या होत्या. कडुबा लंगडत पुढं झाला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला.

"मॅडम, कुत्रं नव्हतंच! ट्रॉली मीच ओढली, माझ्याच पायावर घेतली. दावा बुडला तर बुडू द्या. पण माझ्या मेव्हण्याची नोकरी राहू द्या."

मॅडमनी चष्मा काढला.

"ट्रॉली कंपनीची?"

"व्हय."

"कामाच्या वेळेत? कंपनीच्याच कामाला?"

"व्हय."

"दारू पिऊन?"

"नाय मॅडम! हिला विचारा!"

"नाय पीत," चंपाबाईनं साक्ष दिली. "पीत असते तर एवढं खोटं सुचलं असतं का?"

"मग झालं की!" मॅडम म्हणाल्या. "चूक तुमची होती का, हे इथं विचारलंच जात नाही. माणसाच्या हातून कामात चूक व्हायचीच, हे धरूनच कायदा केलाय. तुमची फाइल महिन्याभरापूर्वी निघाली असती. ते कुत्रं आतलं की बाहेरचं, यावर तीन पत्रं गेली म्हणून अडली!"

कडुबानं मान वळवून नानासाहेबांकडं पाहिलं. नानासाहेब पंख्याची पाती मोजत होते.

"मी पहिल्यापासून हेच म्हणू राहिलो," ते पंख्याला म्हणाले.

मॅडमनी खोट्या जबाबाबद्दल कडुबाला पाच मिनिटं खडसावलं. दोघांनाही खडसावायला हवं होतं, पण नानासाहेब तेवढ्यात पाणी प्यायला गेले होते. मग कुत्रं नव्हतं असं कंपनीला कळवायचं ठरलं आणि चंपाबाईनं पदर डोळ्याला लावला. मॅडमनी नवा जबाब लिहून घेतला आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला, "कामगाराने स्वतःच ट्रॉली स्वतःच्या हाताने ओढून स्वतःच्या पायावर घेतली. बरोबर?"

"बरोबर," कडुबा म्हणाला. त्यानं पेन घेतलं, सही करायला वाकला आणि थांबला.

"आता काय?"

"काय नाय मॅडम, एक बारीक अर्ज व्हता," तो हळूच म्हणाला. "त्या तीन ‘स्वतः’मधला एखादा कमी करता येईल का?"