सासऱ्यांच्या फियाटची चकाकी

जुनी गाडी घासून नवी करायला अक्कल लागत नाही, चिकाटी लागते, असं माझं स्पष्ट मत होतं. हल्ली नाशिक रस्त्याला दर चार दुकानांमागे एक निळ्या दिव्यांचं दुकान निघालंय. आत काळे टीशर्ट घातलेले लोक गाडीवर फेस उडवतात, मऊ फडक्यानं पुसतात आणि त्याला 'ट्रीटमेंट' म्हणतात. आमच्या आईनं तांब्यापितळेची भांडी जन्मभर चिंचेनं लख्ख केली. तिच्या कामाला कोणी असलं नाव दिलं नाही.

मी, रणजीत, चाकणच्या एका कंपनीत सोळा वर्षं क्वालिटीला आहे. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी मी तो परत पाठवतो. मला येताना पाहून सप्लायर हातातला चहा अर्धा टाकून उठतात. तेव्हा सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांची जुनी फियाट घरच्या घरी नवी करून देतो, असं मी जाहीर केलं, त्यात बढाई मारण्यासारखं काही नव्हतं.

ही फियाट मोशीला सासऱ्यांच्या गोठ्यामागे बारा वर्षं उभी होती. मूळची पिस्ता रंगाची. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि पुढच्या सीटवर मांजर बसायचं. पण या गाडीला घरात देवाखालोखाल मान. सासरे भिमाजी म्हणजे मोशीचे जुने गाववाले. गावात कोरी गाडी पहिल्यांदा आपण आणली, ही गोष्ट ते प्रत्येक सणाला सांगत. तिच्यात त्यांच्या भावकीतले अर्जुनराव यायचेच. मोशीला ग्रामपंचायत होती तेव्हा दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि अर्जुनराव पडले.

"पडल्यावर त्यानं आपली पांढरी फियाट मुंबईच्या शेटला इकली," सासरे सांगत. "अन् दुसऱ्याच महिन्यात मी कोरी आणली. सीटवरचं प्लास्टिक बी निघालं नव्हतं."

माझा मेहुणा कुलदीप म्हणाला, "दाजी, पेंटरकडं टाकू. रंग लई जुना हाय, घासण्यातला न्हाई."

कुलदीप प्लॉट विकतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीलाच फक्त टेप लावली, त्याच्याकडून मी रंगाचं ज्ञान घ्यायचं? त्यानं एकच काम केलं. दापोडीहून एक मिस्त्री आणून दोन दिवसांत इंजिन चालू करून दिलं. मी फारसं कौतुक केलं नाही. इंजिन कोणाला दिसतं?

गाडी भोसरीला आमच्या घरापुढे आली. पहिल्या रविवारी मी प्रेशरच्या पाइपनं आतली सीटं धुतली. कोंबड्यांचा इतिहास वाहून गेला, पण स्पंजनं पाणी धरून ठेवलं. आठवड्यानं कुलदीप काम बघायला आला, ऐटीत स्टिअरिंगवर बसला आणि उठला तेव्हा त्याची पँट मागून गुडघ्यापर्यंत ओली होती. नुसता माझ्याकडे बघत स्कूटरवर उभ्यानंच बसल्यासारखं करून निघून गेला.

मग मी बाहेरचं काम काढलं. एमआयडीसीतल्या एका मित्राच्या वर्कशॉपमधून घासायचं मशीन आणलं. ते ओतीव लोखंडासाठी असतं, असं तो दोनदा म्हणाला. लोखंडाला चालतं, मग पत्र्यानं काय पाप केलंय, असं मी त्याला विचारलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मी डावा दरवाजा घ्यायला बसलो. पाच मिनिटांत पिस्ता रंगाखालून लालसर डाग वर आला. गंज. गंज दिसला की मला चेव येतो. मी मशीन दाबून धरलं. डाग वाढला. मी आणखी दाबलं.

बायको तनुजा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अहो, हा गंज नाही. याला काना आहे."

"गंजाला कसला काना?"

"आणि वर अनुस्वार पण दिलाय."

मी मशीन बंद करून चार पावलं मागे सरकलो. पांढऱ्या पट्ट्यावर लाल, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'अर्जुनराव यांनाच प्रचंड मतांनी विजयी करा.' खाली कपबशी.

तनुजा तिथल्या बादलीवरच बसली. "म्हणजे बाबांनी अर्जुनकाकांचीच गाडी घेतली? आणि रंग मारून..."

"कोरी म्हणत होते."

"तुम्ही गप्प बसा. उद्या अख्खा गाव येणार आहे. अर्जुनकाका पण. चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट आहे माझ्या बापाची."

तिचा आवाज असा झाला होता की मी पहिल्यांदा घाबरलो. पळत जाऊन पिस्ता रंगाचा फवाऱ्याचा डबा आणला. दुकानदारानं रंग जुळेल म्हणून सांगितलं होतं. जुळला नाही. शिवाय जुन्या रंगावर तो दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि अक्षरं बरोबर उठून दिसू लागली. आता ती आंधळ्यालाही हात लावून वाचता आली असती. शेवटी आम्ही दरवाजावर झेंडूच्या माळांचा पडदा केला आणि चिकटपट्टीनं बसवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोशीच्या लॉनवर गाडी उभी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि बॉनेटवरून हात फिरवला. अर्जुनराव पहिल्या रांगेत होते, फेटा बांधून, दोन्ही हात काठीवर ठेवून. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात सासूबाई, आक्काबाई, आरतीचं ताट घेऊन पुढे झाल्या.

"दाराला कुंकू लावायचंय. ही फुलं कुणी डकवली हितं?"

मी "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांनी माळ ओढली. चिकटपट्टी ओल्या रंगावर लावलेली. फुलांबरोबर माझा कालचा रंगही सोलून आला.

एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "काय लिवलंय? मला दिसत न्हाई." त्या भल्या माणसानं मोठ्यानं वाचून दाखवलं. कपबशीसकट.

सासऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी अर्जुनरावांकडे पाहिलं. ते आता खदखदून हसतील, असं मला वाटलं. पण त्यांचाही रंग उडाला होता. मुंबईच्या शेटची गोष्ट त्यांनीच गावाला सांगितली होती ना. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग अर्जुनराव काठी टेकत उठले. "भिमा, तुझा जावई लई चेष्टेखोर हाय."

सासऱ्यांनी एक श्वास घेतला. "व्हय. ल्हानपणापासनं तसाच."

मला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. दीड-दोनशे माना माझ्याकडे वळल्या. तनुजानं दंडाला असा चिमटा काढला की तो डाग अजून आहे.

"जुनी आठवण म्हणून," मी म्हणालो. "गंमत केली. मीच लिहिलं."

"कपबशीचा कान चुकला," अर्जुनराव म्हणाले. "आमच्या कपाचा कान डाव्या अंगाला व्हता."

"त्याला काय ठावं," सासरे म्हणाले. "तो गडी शिरूरकडचा."

लोक हसले. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा मी, न केलेल्या चुकीबद्दल तिथं हात जोडून उभा होतो. कुलदीप सगळ्यात पुढे उभा राहून टाळ्या वाजवत होता.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी मला गाडीमागे बोलावलं. वाटलं, आता कानाखाली बसते.

"पाहुणं, अर्जुन पडल्यावर त्याला त्या गाडीत बसवंना," ते हळू आवाजात म्हणाले. "जाईल तिथं लोक निशाणी बघून हसायचं. म्हणाला, तू घे, पर कुणाला सांगू नको. मी न्हाई सांगितलं. कोरी आणली म्हटलं. मग ते म्हणत म्हणत मलाच खरं वाटाया लागलं."

मी माफी मागितली.

"किती दिवस घासत व्हता?"

"दोन आठवडे."

"मी एका दिसात रंग मारून घेतला व्हता," ते म्हणाले आणि अर्जुनरावांना हाक मारली. दोघं पुढच्या ओल्या सीटवर शेजारीशेजारी बसले आणि गावातून एक चक्कर मारून आले. काय बोलले ते कोणाला माहीत नाही. उतरले तेव्हा दोघांची धोतरं भिजली होती आणि दोघंही माझ्याकडे बोट दाखवत होते.

फियाट आता पेंटरकडे आहे. कुलदीपच्या.

मोशीत मात्र माझं नाव झालंय. परवा चऱ्होलीहून एकांचा फोन आला. पतसंस्थेची निवडणूक आहे, म्हणाले. प्रचाराच्या जीपवर लिहून द्याल का, तुमचं अक्षर पाहिलं, अगदी जुन्या वळणाचं आहे, हल्ली असं कोणी काढत नाही.

मला लिहिता येत नाही, असं सांगायची सोय नव्हती. हाताशी दोन ऑर्डर आहेत, म्हणालो. पुढच्या महिन्यात बघू.