न्यायाधीशांच्या बंगल्यात माझी हरकत

मला कुणी फसवू शकत नाही. ही बढाई नव्हे, अनुभव आहे. चौतीस वर्षं दर शुक्रवारी मी साप्ताहिकातून आमच्या वेदरकोट गावाची टोपी उडवली. तीन नगराध्यक्ष, दोन पाद्री आणि भाजीप्रदर्शनात पहिला आलेला एक पोकळ भोपळा, सगळ्यांना उघडं पाडलं! खोट्याचा वास मला असा येतो, जसा मांजराला माशांचा.

तरीही त्या शनिवारी, न्यायाधीशांच्या बंगल्याच्या पायरीवर माझी बायको हेस्टर माझी बाही धरून म्हणाली, "ॲम्ब्रोज, एकच मागते. आत मध्येच उठून बोलू नकोस."

"मी कधी बोलतो?"

"मागच्याच महिन्यात. बिचाऱ्या हम्फ्रीच्या अंत्यविधीला."

"पाद्री त्याचं वय चुकीचं सांगत होता!"

"म्हणून भर चर्चमध्ये मयताचं वय दुरुस्त करायचं?"

मी शांतपणे दारावरच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं. 'अठराशे एकाहत्तरचा गाजलेला द्विभार्या खटला, नाट्यरूपात! पहिली बायको श्रूजबरीत जिवंत असताना आरोपी वेदरकोटमध्ये बोहल्यावर! बंगल्यातल्याच मूळ न्यायालयात, दुपारी तीन वाजता. प्रेक्षकांनी मोकळेपणाने मध्ये बोलावे.'

"आज तर बोलायचंच आहे," मी म्हणालो. हेस्टरने उसासा टाकला. तो बेचाळीस वर्षं मुरलेला उसासा होता.

बंगल्याचं आता संग्रहालय झालंय, आणि डागडुजी करून तो इतका हुबेहूब जुना केला आहे की दिवाणखान्यात शिरताच मला दीडशे वर्षांपूर्वीची सर्दी झाली. हेस्टर स्वयंपाकघरात अडकली. तिला प्रत्येक पाटी वाचायची असते. चमच्याखाली पाटी असली तर तीही! मी पाट्या वाचत नाही. मला बघताक्षणी कळतं. दिवाणखान्यातल्या उंच घड्याळात तीनला पाच कमी होते. मनगटी घड्याळ मी निवृत्तीच्या दिवशीच काढून टाकलंय. म्हटलं, चला, खटला सुरू होईल! आणि न्यायालयाचं दार गाठलं.

दारात काळी उंच टोपी घातलेला एक तरुण उभा होता. "कुणाच्या बाजूचे तुम्ही?"

"सत्याच्या!" मी म्हणालो.

त्याने गोंधळून माझ्या कोटाला पांढरं फूल लावलं आणि मला पहिल्या बाकावर बसवलं.

काय थाट होता! गॅसचे दिवे, घेरदार झगे, कल्लेदार गडी. आरोपीच्या कठड्यालासुद्धा फुलांच्या माळा! हे मात्र मला जरा अति वाटलं, पण हौशी मंडळी, म्हटलं, चालायचंच. न्यायाधीशांच्या उच्चासनाखाली एक बाई जाडजूड वही घेऊन उभी होती. तिच्यासमोर आरोपी, गोरटेला, घामेजलेला. शेजारी दुसरी बायको होऊ घातलेली, फसलेली मुलगी. म्हणजे नाटक लग्नापासून सुरू करणार तर! छान कल्पना. माझ्याच डोक्यातून आली असती.

वहीवाल्या बाईने घसा खाकरला. "बार्नबी आणि नेरिस यांच्या विवाहाला कुणाची कायदेशीर हरकत असेल, तर त्यांनी ती आत्ता सांगावी."

सगळे गप्प. एवढी मोक्याची जागा, आणि एकही प्रेक्षक उठेना! आमची माणसं अशीच. घराला आग लागली तरी आधी 'माफ करा, जरा त्रास देतो' म्हणतील. शेवटी मीच उठलो.

"माझी हरकत आहे! या माणसाची पहिली बायको श्रूजबरीत जिवंत आहे!"

सबंध न्यायालयाने एकदम श्वास घेतला. खिडक्यांचे पडदे आत ओढले गेले असं माझं प्रामाणिक मत आहे.

"तुमचं नाव?" बाईने विचारलं.

"पिकर्सगिल. गावाला माहीत आहे."

"तुम्ही हे गांभीर्याने म्हणताय?"

"गांभीर्याने? हा दर आठवड्याला तिच्याकडे जातो!" मी पदरची भर घातली. कलाकाराने संहितेला चिकटून राहू नये.

बाईने वही मिटली. "मग चौकशी होईपर्यंत हा विवाह मला लावता येणार नाही."

आरोपीचा चेहरा न भाजलेल्या पावासारखा पांढरा पडला. मुलगी त्याच्याकडे वळली. "बार्नबी, गुरुवारी तू कुठे जातोस?"

"स्नूकर खेळायला."

"स्नूकरचा क्लब मार्चमध्येच बंद पडला."

"नेरिस, ऐक ना..."

"श्रूजबरीला जातोस का? हो की नाही?"

"हो, पण..."

मागून छत्री आपटत एक म्हातारी उठली. "मी सांगितलं होतं! डोळे बघा याचे, किती जवळजवळ!"

"वा!" मी टाळ्या वाजवल्या. "काय अभिनय! घाम तर अगदी खरा!"

तेवढ्यात दारातून हेस्टर आत आली. तिच्यामागे चाव्यांचा जुडगा घेतलेल्या, बंगल्याच्या व्यवस्थापक मिसेस पार्जिटर.

"ॲम्ब्रोज," हेस्टर हळूच म्हणाली, "तू कुणाच्या लग्नात उभा आहेस?"

"लग्न कसलं? तीन वाजले ना!"

"सव्वादोन झालेत," मिसेस पार्जिटर दात आवळून म्हणाल्या. "ते घड्याळ शंभर वर्षांपूर्वी बंद पडलंय! खाली एवढी मोठी पाटी आहे! आणि या न्यायालयात आम्ही गेली सहा वर्षं जुन्या पोशाखातली लग्नं लावतो. त्याचीही पाटी आहे!"

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ती तशी सरकली असती तर मी उपकार मानले असते. खाली कोठडी होती, थेट तिथेच पोचलो असतो! पण मी कच्चा गडी नव्हे. मान ताठ ठेवून म्हणालो, "हरकत मागे! शब्दन् शब्द काल्पनिक होता. या तरुणाला मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

बाईने वही उघडली. पण नेरिसने तिच्यावर तळहात ठेवला.

"थांबा. त्यांनी घेतली असेल मागे. माझं उत्तर अजून मिळालेलं नाही. श्रूजबरीत कोण आहे, बार्नबी? आता सांग, नाहीतर मी ही चालले घरी."

फुलांनी मढलेल्या त्या कठड्याला धरून बार्नबी उभा होता, आणि आता तो खरोखर आरोपीच दिसत होता. माझ्यामुळे! मी कोटावरचं पांढरं फूल हळूच काढून खिशात टाकलं.

"मिसेस बेब," तो अखेर पुटपुटला. "एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्या मला... वेल्श शिकवतात."

"काय?"

"तुमच्या घरी जेवताना सगळे वेल्शमध्ये बोलतात. म्हटलं, आज जेवणानंतर उठून तुमच्या भाषेत चार वाक्यं बोलावीत. तू खूश होशील. वर्षभर जातोय."

नेरिसने बोटांवर महिने मोजले. मग तिच्या लक्षात आलं. "वर्षभर? म्हणजे ब्लॉडवेन आत्या ताटावर तुझ्याबद्दल जे जे बोलायची..."

"सगळं कळायचं. नाताळात त्या मला कणकेचा गोळा म्हणाल्या. ईस्टरला म्हणाल्या, गोळ्याला निदान आकार तरी देता येतो." मग तो छत्रीवाल्या म्हातारीकडे वळून वेल्शमध्ये काहीतरी लांबलचक आणि अदबीने बोलला. म्हातारी मटकन खाली बसली.

"काय म्हणाला?" मी शेजाऱ्याला विचारलं.

"म्हणाला, आत्या, तुमच्या हातचं मटण वातड असतं, पण मी दरवेळी दुसऱ्यांदा मागून घेतलं."

नेरिस हसत सुटली. हसता हसता रडली आणि म्हणाली, "लावा हो लग्न, लवकर!"

लागलं! आणि मी म्हणेन, माझ्यामुळे जास्त घट्ट लागलं. पण हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवल्यामुळे ब्लॉडवेन आत्या छत्री उगारून निघाल्या. मिसेस पार्जिटरनी मला कठड्यामागच्या जिन्याने खाली उतरवलं आणि कोठडीत घालून कुलूप लावलं. "तुमच्याच जिवासाठी! पाच मिनिटं फक्त."

ती पाच मिनिटं खाली चांगली अर्धा तास चालली. मग शिपायाच्या वेशातले दोघे आले आणि मला दंडाला धरून वर ओढू लागले.

"अहो, आरोपी मी नव्हे!"

"सगळे हेच म्हणतात," एक शिपाई आनंदाने म्हणाला.

खरा आरोपी, म्हणजे त्याचं काम करणारा आमच्या गावचा औषधवाला, कोठडीला कुलूप बघून पबमध्ये निघून गेला होता. वर तीन वाजले होते. या वेळी खरोखरचे! ज्यूरीत लग्नाचीच बारा मंडळी बसलेली, नाहीतरी पोशाख तयारच होता. म्होरक्या ब्लॉडवेन आत्या.

"दोषी!" त्या म्हणाल्या.

"अजून आरोप वाचायचाय," न्यायाधीश म्हणाले.

"वाचा. आम्ही थांबतो."

आरोप वाचला. दोषी. मग न्यायाधीशांनी विगाखालून सभागृहावर नजर फिरवली. "शिक्षा सुनावण्यापूर्वी, आरोपीच्या बाजूने कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?"

सगळे गप्प. पहिल्या बाकावर हेस्टर बसली होती. हातात लग्नाच्या केकचा भला मोठा तुकडा.

"हेस्टर!" मी ओरडलो. "अगं, बोल की!"

तिने घास सावकाश चावला, गिळला, बोटं पुसली.

"बोलले असते रे," ती म्हणाली, "पण असं मध्येच उठून बोलणं बरं दिसतं का?"