एकशे सव्वीस नंबरच्या टाळ्या

कानाच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही! जुन्या कॉम्प्युटर गेमचं संगीत दोन सेकंद ऐकवा, ते कुठल्या साउंडकार्डवर वाजतंय ते मी सांगतो. दुर्दैवानं हे विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सासरे तर मला काहीच विचारत नसत. मी त्यांचा थोरला जावई, पण आठ वर्षांत "जेवलात का?"च्या पुढे आमची गाडी सरकली नव्हती.

सासऱ्यांनी उमेदीच्या काळात एक गेम लिहिला होता. संगीतासकट! फ्लॉपी कधीच बाद झाली. उरली एक वही. तिच्यात सगळ्या सुरावटी आणि प्रत्येकीपुढे वाद्याचा नंबर; पक्षी, टाळ्या हीसुद्धा त्यात वाद्यंच. म्हटलं, पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला हेच संगीत वाजवायचं आणि जावई काय चीज आहे ते दाखवून द्यायचं!

सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर मिळालं. खरी डोकेदुखी साउंडफॉन्टची, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या गठ्ठ्याची. गठ्ठा बदलला की तेच व्हायोलिन वेगळं वाजतं.

"कुठला फॉन्ट घेऊ?" मी बायकोला विचारलं.

"कुठलाही घे, पण अक्षरं मोठी ठेव. बाबांना बारीक दिसत नाही."

तिला समजावून एकवीस गठ्ठे ऐकवले. एकात बासरीला सर्दी झालेली, दुसऱ्यात ढोल म्हणजे रिकामा डबा. बाविसाव्याला ती माहेरी निघून गेली. माहेर वरच्याच मजल्यावर आहे म्हणून बरं.

मग वहीतले नंबर भरले. एका सुरावटीपुढे शून्य होतं. सॉफ्टवेअर शून्य घेईना. शून्य म्हणजे वाद्य नको, असा अर्थ लावून मी ती सुरावटच काढून टाकली. बाकीचं जरा विचित्र वाजत होतं, पण त्या काळचे प्रयोग!

वाढदिवसाला घर भरलं. सासरे खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले.

"आता पहाट. पक्षी ऐका," ते म्हणाले.

स्पीकरमध्ये समुद्र खवळला!

"हं. आता शत्रू गोळी झाडतो, नायक कोसळतो!"

कडाडून टाळ्या! पाहुण्यांना वाटलं संपलं, त्यांनीही वाजवल्या.

"तो पुन्हा उठतो, जिंकतो! आता खऱ्या टाळ्या!"

हेलिकॉप्टर आलं. सासूबाई खिडकीतून वर बघू लागल्या.

"जावईबापू, टाळ्यांचा नंबर कुठला दिलात?"

"वहीतलाच. एकशे सव्वीस."

"मोजायला सुरुवात कुठून केलीत?"

"एकपासून. सगळेच करतात!"

"आम्ही शून्यापासून करायचो. सगळी वाद्यं एकेक घर सरकलीत! शून्य म्हणजे पियानो, गेमची मुख्य धून. ती कुठाय?"

"ती... मी काढून टाकली."

सासरे एकदम खो खो हसत सुटले. मग वही घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. पाहुणे केक खात होते, आम्ही दोघं नंबर दुरुस्त करत होतो. शेवटी त्यांची धून पियानोवर वाजली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

तेवढ्यात उशिरा आलेले शेजारी दारात उभे राहिले. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून अभिमानानं ओळख करून दिली, "हे आमचे थोरले जावई. नंबर शून्य!"

त्यांच्या मोजणीत तो पहिला नंबर असतो, हे मी शेजाऱ्यांना समजावायला गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "चालायचंच! आमचे सासरेही असंच बोलतात."