मागच्या खोलीतले बाबा

“वरची ओळ वाचा,” चष्मेवाले म्हणाले.

गिऱ्हाइकाने वाचली.

“आता त्याखालची.”

तीही वाचली. चष्मेवाल्यांनी भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं. “आणि ते?”

गिऱ्हाइकाने डोळे बारीक केले. “नाट्यमंडळाचा नवा हंगाम. ‘दोन सासरे, एक सोफा’, विनोदी. ‘भाड्याचा जावई’, विनोदी. ‘मागच्या खोलीतले बाबा’...” तो थांबला.

“दिसत नाही का?”

“दिसतंय. गंभीर लिहिलंय.” त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. “सासऱ्यांची दोन तिकिटं द्या. गंभीर आमच्या घरी चालूच असतं.”

असं रोज होत होतं. चष्मेवाले नाट्यमंडळाचे कार्यवाह असल्यामुळे तिकिटं त्यांच्याच दुकानात मिळत. सासरे भराभर खपत होते, जावयालाही चांगली मागणी होती. बाबांना मात्र कुणी विचारत नव्हतं. आणि हंगामाची सुरुवात बाबांनीच व्हायची होती.

चष्मेवाल्यांना ते जास्तच लागत होतं, कारण ते नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. बाबा म्हणजे त्यांचेच वडील. म्हातारपणी ते परगावी ताईकडे, तिच्या मागच्या खोलीत राहिले आणि तिथेच गेले. चष्मेवाल्यांचं जाणं फारसं झालं नाही. दुकान बंद ठेवता येत नव्हतं, किंवा तेव्हा तरी तसं वाटत होतं. ताई दर रविवारी फोनवर बाबांची हकिकत सांगायची. बाबा भिंतीवरच्या घड्याळाशी कसे भांडतात, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईला कशी उत्तरं देतात, हे ऐकून चष्मेवाल्यांना वाईट वाटायचं. “अरेरे,” एवढंच ते म्हणायचे. बाबा गेल्यावर त्यांनी ते सगळं नाटकात लिहून काढलं. बाबा ज्याची वाट पाहतात तो मुलगा नाटकात शेवटपर्यंत येत नाही, असं होतं.

नाटक बसवत होत्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. बाबांचं काम करत होते बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर. आजवर त्यांच्या वाट्याला पहारेकरी नाहीतर पोलीस यायचा, तोही दारात उभा राहून एक वाक्य बोलायचा. पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली म्हणून त्यांनी दाढी वाढवली होती आणि बायकोशी बोलणं कमी केलं होतं.

“तिकिटांचं कसं काय?” कंट्रोलर रोज येताजाता विचारायचे.

“होतील,” चष्मेवाले म्हणायचे.

अशा अवस्थेत ते एका सकाळी केस कापायला गेले. सलूनवाल्याने गळ्याभोवती कापड बांधलं आणि विचारलं, “तुमचं पहिलं नाटक लई रडकं आहे म्हणे?”

“रडकं कशाला?” चष्मेवाले म्हणाले. “हसायलाही येतं.”

“खरं सांगता?”

“म्हातारा घड्याळाशी भांडतो. आता हसायला येणार नाही का?”

मान खाली दाबलेली असताना माणूस काहीही बोलतो. बाहेर पडेपर्यंत चष्मेवाले ते विसरलेही. सलूनवाला विसरला नाही. त्याने त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं की म्हातारा घड्याळाशी भांडतो. दुसऱ्या दिवशी म्हातारा घड्याळाला मारायला धावत होता. आठवडा संपेपर्यंत घड्याळही उलट बोलायला लागलं होतं. लोक दुकानात येऊन “त्या घड्याळाच्या नाटकाची” तिकिटं मागू लागले.

चष्मेवाल्यांनी ती दिली. हातात तिकीट देताना नाटकाचा प्रकार सांगितलाच पाहिजे असा काही नियम नव्हता.

मग बागेतल्या हास्य क्लबचे अध्यक्ष आले. त्यांना पुढच्या सगळ्या रांगा हव्या होत्या. “आमची मंडळी रोज सकाळी कारण नसताना हसतात,” ते म्हणाले. “एकदा कारण मिळालं तर बरं.”

इथे मात्र चष्मेवाले घाबरले. “तसं ते नाटक जरा गंभीर आहे,” ते म्हणाले.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारून हसले. “सलूनवाला म्हणाला होता, तुम्ही चेहरा सरळ ठेवून विनोद करता म्हणून.”

तिकिटं संपली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तालीम दोनदा थांबवली. “लोकांची आवड बदलतेय,” त्या म्हणाल्या. “आपणच त्यांना कमी समजत होतो.” कंट्रोलरांनी चष्मेवाल्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना खरं काय ते सांगायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं होतं. पण हात इतका घट्ट धरला होता की ते राहिलं.

रात्री बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग पडदा उघडायच्या आधी उभं राहून सांगून टाका.”

“काय सांगू?”

“हेच, की नाटक गंभीर आहे. कळेल त्यांना. माणसंच आहेत ती.”

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. ताईसुद्धा बस पकडून आली होती आणि मागच्या बाजूला बसली होती. चष्मेवाले पडद्यापुढे आले, घसा साफ केला आणि म्हणाले, “मंडळी, कृपा करून लक्षात घ्या. हे नाटक गंभीर आहे.”

पहिला हशा तिथेच झाला.

“मी मनापासून सांगतोय,” चष्मेवाले म्हणाले. दुसरा हशा त्याहून मोठा होता. ते विंगेत गेले आणि तिथल्या स्टुलावर बसले.

पडदा उघडला. मागच्या खोलीत बाबा एकटेच बसले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुला काय जातंय पुढे पळायला? तुला कुठे कुणाची वाट बघायचीय?” हे वाक्य लिहिताना चष्मेवाले रडले होते. हास्य क्लब आडवा झाला. बातम्या देणाऱ्या बाईला बाबांनी “पुरे आता, दम घे, पाणी पी” म्हटलं, तेव्हा कुणीतरी खुर्चीवरून घसरल्याचा आवाज आला.

मध्यंतरात कंट्रोलर घामाघूम होऊन आत आले. “लोक हसतायत,” ते म्हणाले.

“हो.”

“माझं काही चुकतंय का?”

चष्मेवाल्यांना तेव्हाही सांगता आलं असतं. पण दाढी वाढवलेला तो चेहरा बघून ते म्हणाले, “चुकत काही नाही. तुमचं काम फार खरं वाटतंय, म्हणून हसतायत.”

कंट्रोलरांनी विचार केला. “पण माझी वाक्यं बुडतात त्यात. डेपोत गलका असला की आम्ही तो थांबेपर्यंत माइक हातात धरून उभे राहायचो. तसं करू का?”

“करा.”

त्यांनी तसं केलं. हशा उठला की कंट्रोलर तोंडावरची माशी न हलवता थांबायचे, आणि तो ओसरला की पुढचं वाक्य टाकायचे. अशाने हशा दुप्पट होतो हे व्यावसायिक नटांना वर्षानुवर्षांनी कळतं. शेवटच्या प्रवेशात बाबा मुलाची वाट बघत नवा सदरा घालून बसतात, घड्याळाला म्हणतात, “तो आला की उठव मला,” आणि डोळे मिटतात. ते पुन्हा उघडत नाहीत. लोकांना वाटलं, आता ते दचकून उठणार. त्या आशेवर सगळं सभागृह आधीपासूनच हसू लागलं. बाबा उठले नाहीत. पडदा पडला. हास्य क्लबने उभं राहून, दोन्ही हात वर करून रोजच्या शिस्तीत तीन वेळा हसून दाखवलं. तो त्यांचा सर्वात मोठा मान होता.

पडद्यामागे लोकांची रीघ लागली. कंट्रोलरांना कुणीतरी खांद्यावर घेतलं. त्यांचा चेहरा आनंदी होता, पण तिथून खाली कसं उतरायचं ते त्यांना कळत नसावं. बाई एका कोपऱ्यात उभ्या होत्या. “कुणी सांगितलं लोकांना, की हे विनोदी आहे?” त्यांनी विचारलं.

“काय माहीत,” चष्मेवाले म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या नकाशासारखी गुंडाळलेली आपली संहिता घेऊन निघून गेल्या.

चष्मेवाले मागच्या दाराने सभागृहात आले. माणसं खुर्च्या उचलत होती. ताई एकटीच बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती.

“ताई, मला माफ कर,” ते तिच्याशेजारी बसत म्हणाले. “मी हे असं लिहिलं नव्हतं. बाबांचं हसं झालं.”

“हसं कसलं?” ताई म्हणाली. तिला अजून नीट बोलता येत नव्हतं. “अरे, अगदी असेच होते ते. त्या बातम्यांच्या बाईला पाणी पी म्हणायचे ना, तेव्हा मला स्वयंपाकघरात पोळी लाटता यायची नाही.”

“पण तू फोनवर सांगायचीस तेव्हा तुझा आवाज भरून यायचा.”

“हसू दाबत असायचे मी. तुला सांगायचं म्हणून कशीबशी सांगायचे. आणि तू तिकडून ‘अरेरे’ म्हणायचास. मग मीही गप्प बसायचे. वाटायचं, याला दुकानाचा ताण असेल.”

चष्मेवाल्यांनी पडलेल्या पडद्याकडे पाहिलं.

“ते मुद्दाम करायचे रे,” ताई म्हणाली. “रविवार आला की सकाळपासून काहीतरी नवीन काढायचे. आज हे सांग त्याला, म्हणायचे, हसेल तो. मी फोन ठेवला की लगेच विचारायचे, हसला का?”

पुढच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालून माणसांनी भिंतीशी नेल्या. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या आणि तो तसाच हातात धरून बसले.

“मग तू काय सांगायचीस?” त्यांनी विचारलं.

“काय सांगणार?” ताई म्हणाली. “हसला म्हणायचे. खूप हसला.”