चाळीस झोके

इन्शिराहने दिवाणखान्यातल्या झुंबराला दोरा बांधून पोलादी गोळी लोंबकळवली, तेव्हा तिचा नवरा शौकी बरोबर खाली बसून मसुरीचं सूप पीत होता. गोळीने सहा झोके नीट घेतले. सातव्याला झुंबराचा एक लोलक निसटला आणि थेट सुपात पडला.

"गुरुत्वाकर्षण मोजायचं होतं ना?" तोंडावरचं सूप पुसत शौकी म्हणाला. "आहे. भरपूर आहे. लिहून टाक."

इन्शिराहला हसू आलं नाही. वीस वर्षं ती अलेक्झांड्रियातल्या मुलींच्या एका शाळेत प्रयोगशाळेतल्या नळ्या धूत होती. बाईंचा प्रयोग फसला की मागून हळूच "बाई, आधी दिवा बारीक करा" असं सांगायची तीच. तरी फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या त्या बाई, आणि ही मावशी. मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्या होत्या, कॉलेजचं पदार्थविज्ञान पास हो, सातवीचा विज्ञानाचा वर्ग तुझा. त्या बहुधा सहज बोलून गेल्या असतील. इन्शिराहने मात्र सेहेचाळिसाव्या वर्षी एका ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं.

तास फोनवर, प्रयोग घरात. कॉलेजने खोकं पाठवलं होतं: दोरा, गोळी, भिंगं, ताणकाटा. बाकीचं घरातलं वापरायचं. ते तिने इतकं वापरलं की गादीतली एक स्प्रिंग कमी झाली आणि शौकी गेले दोन महिने पलंगाच्या एकाच बाजूला घरंगळत होता. सगळे प्रयोग झाले, लंबक तेवढा आडवा आला. पहिला अहवाल परत आला, कारण उत्तरात नऊ टक्के चूक. दुसरा परत आला, कारण मधेच गॅसवाला आला म्हणून तिने व्हिडिओ थांबवला होता. आता तिसरी आणि शेवटची संधी, आज संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्यापासून.

नियम साधा होता. चाळीस झोके, एकसंध व्हिडिओ, आणि विद्यार्थ्याने मोठ्याने मोजायचं. मोजणीशिवाय एक शब्द बोलायचा नाही. शिकवणाऱ्या डॉक्टर लमीस यांनी खाली एक ओळ लिहिली होती: "दोरी जितकी लांब, तितकी तुमची चूक लहान."

इन्शिराहने ती ओळ दोनदा वाचली, आणि तिची नजर गॅलरीकडे गेली. चौथा मजला. कठड्याला दोरी, दोरीला खजुरीच्या पात्यांची टोपली. बावीस वर्षं रोज खाली जाणारी आणि भाजी घेऊन वर येणारी.

"शौकी, ऊठ!"

शिवणकामाच्या टेपने आठ वेळा मापून तिने बरोबर अकरा मीटर दोरी सोडली. टोपलीत पितळी खलबत्ता ठेवला. कठड्याची गाठ तीनदा ओढून पाहिली.

"तू इथे नुसतं उभं राहायचं. गाठ सुटते का बघायचं. दोरीला हात लावायचा नाही."

"श्वास घेऊ?"

"दोरीपासून लांब तोंड करून घे."

ती धावत खाली गेली. समोरच्या कॉफीवाल्याची खुर्ची घेतली, तिच्या बैठकीवर, पाठीला टेकवून फोन उभा केला, टोपली हातभर बाजूला ओढली आणि अलगद सोडली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"एक!"

टोपली डौलात निघाली, भिंतीच्या कडेकडेने, सावकाश, सभेला निघालेल्या पुढाऱ्यासारखी. एका झोक्याला जवळजवळ सात सेकंद. इन्शिराहचा जीव भांड्यात पडला. आता गंमत अशी, की साडेतीनपासून तिच्या डोक्यात ती वस्तू लंबक झाली होती, टोपली राहिलीच नव्हती. बाकीच्या गल्लीला हे कुणी कळवलं नव्हतं. आणि आमच्या गल्लीत खालच्या बय्यूमीचाचाच्या भाजी-रोटीच्या दुकानासमोर टोपली लोंबकळली, की त्याचा अर्थ एकच असतो.

बय्यूमीचाचा दारात आला. टोपलीकडे बघितलं, वर शौकीकडे बघितलं, समोर इन्शिराहकडे बघितलं.

"काय गं, आज टोपली स्थिर नाही ती? वारा आहे का?"

"नऊ!" इन्शिराह डोळे वटारून म्हणाली.

"नऊ रोट्या? पाहुणे आलेत वाटतं." तो आत गेला.

"दहा!!"

"बरं, दहा!" आतून आवाज आला.

चाळीस वर्षं टोपल्या भरलेला माणूस तो. चालत्या टोपलीत माल कसा घालावा हे त्याला कुणी शिकवायला नको. टोपली टोकाला येऊन क्षणभर थांबते, तेवढ्यात त्याने रोट्या अलगद आत सरकवल्या. दोरी जराही थरथरली नाही. इन्शिराहने मात्र कपाळावर हात मारला. प्रयोग चालू असताना वजनच बदललं! थांबवावं, तर परत सुरुवात करून अहवाल लिहून पाचच्या आत पाठवणं अशक्य. ओरडावं, तर नियम आडवा. मग तिने सगळा राग आकड्यांत ओतला. "बारा" असं काही म्हणाली, की कॉफीवाला दोन पावलं मागे सरकला.

दुसऱ्या मजल्यावरून उम्म नागी डोकावली.

"अहो बय्यूमी, त्यांची टोपली जातेच आहे, तर माझी मुलुखियाच्या भाजीची जुडी घाला त्यात! आणि दोन किलो बटाटे! इन्शिराह नंतर आणून देईल मला. देशील ना गं?"

"सतरा!"

"बघा, कधी नाही म्हणत नाही बिचारी," उम्म नागी कौतुकाने म्हणाली.

भाजी गेली, बटाटे गेले. अठ्ठाविसाव्या झोक्याला बय्यूमीचाचाने शेजारच्या मिठाईवाल्याकडून आणलेली एक कागदाची पुडी आत टाकली आणि वर बघून डोळे मिचकावले. इन्शिराहला वाटलं, चीज असेल. पण दुकानाखालच्या पिवळ्या मांजरीला तसं वाटलं नाही. एकोणतिसाव्याला तिने उडी मारली, नखं टोपलीच्या बुडाला घासली. तिसाव्याला पुन्हा मारली. एकतिसाव्याला मारली ती मात्र वीतभर कमी पडली, आणि ती बिचारी सबंध गल्लीसमोर फजीत होऊन निघून गेली.

"चाळीस!" इन्शिराह मटकन खुर्चीवर बसली. फोनवरच.

ती चार जिने चढून वर पोचेपर्यंत शौकीने टोपली स्वतःच ओढून घेतली होती. इतकी मदत त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच केली. खलबत्ता, दहा रोट्या, जुडी, बटाटे. पुडी नव्हती. ते बघायला तिला वेळ कुठे होता? पस्तीस मिनिटंही उरली नव्हती.

मला इन्शिराहचं कौतुक वाटतं ते इथे. दुसऱ्या कुणी सरळ लिहिलं असतं, सर्व ठीक. तिने जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं. अकराव्या झोक्याला दहा रोट्या. अठराव्याला भाजी, बाविसाव्याला बटाटे, अठ्ठाविसाव्याला एक पुडी. मग दहा-दहा झोक्यांचा वेळ मांडला. पहिले दहा: सहासष्ट पूर्णांक सहा सेकंद. दुसरे दहा: सहासष्ट पूर्णांक सात. तिसरे: पुन्हा सहासष्ट पूर्णांक सहा. ती बघतच राहिली. पुस्तकात वाचलं होतं, वजन कितीही असो, लंबकाचा वेळ बदलत नाही. वाचलं होतं, पाठ केलं होतं, वीस वर्षं बाईंच्या तोंडून ऐकलंही होतं. पण आज बटाट्यांनी ते तिला स्वतः सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौथे दहा मात्र पासष्ट पूर्णांक नऊ. का, ते तिला कळेना. तेही तिने तसंच लिहिलं आणि पाचला दोन मिनिटं असताना अहवाल पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या पडद्यावर डॉक्टर लमीस आल्या. त्यांचा चेहरा हसरा होता, पण पूर्ण नव्हता.

"इन्शिराह, तुमचं उत्तर नऊ पूर्णांक सात आठ. तीनशे मुलांत इतकं जवळ कुणी आलेलं नाही. आणि वजनाचा प्रयोग तर पुढच्या आठवड्यातला, तो तुम्ही रोट्या घालून आत्ताच करून टाकलात."

"मी नाही केला, डॉक्टरबाई. गल्लीने केला."

"पण शेवटच्या दहा झोक्यांचं काय? वजनाने असं होणार नाही. दोरीची लांबी बदलली असेल, तरच होईल. आणि तुम्ही तर लिहिलंय, दोरीला कुणी हात लावला नाही. याचं कारण मिळालं नाही, तर आकडे मनाने घातलेत असं मला धरावं लागेल. नियमच आहे तो."

इन्शिराहने वळून बघितलं. शौकी दारात उभा होता. ट्राममध्ये तीस वर्षं लोकांची तिकिटं तपासलेला माणूस, पण चेहरा असा, की तोच विनातिकीट सापडलाय.

"शौकी, दोरीला हात लावलास?"

"मी? छे! मी तर श्वाससुद्धा..."

"शौकी."

तिचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी बारीक झाला होता. शौकीने तिच्याकडे बघितलं, टेबलावरच्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग टोपी काढून फोनसमोर येऊन उभा राहिला.

"डॉक्टरबाई, पुडीत बसबूसा होता. रव्याचा, साय घातलेला. मला साखरेचा आजार आहे, घरात मिळत नाही. मांजर उडी मारत होती, तोंडात जाणार होता हो तिच्या! म्हणून मी दोरीला कठड्यावर दोन वेढे दिले. दोनच. तिचा काही दोष नाही. वर्ष बुडवू नका तिचं."

कुणी काही बोलायच्या आत इन्शिराहने वही ओढली होती. भराभर आकडेमोड केली, टेप घेतला, गॅलरीत गेली, कठड्याच्या नळीभोवती गुंडाळला.

"एक वेढा बारा सेंटीमीटर," ती परत येऊन म्हणाली. "दोन वेढे चोवीस. आणि पासष्ट पूर्णांक नऊवरून माझं उत्तर येतंय, दोरी चोवीस सेंटीमीटरने कमी झाली." मग नवऱ्याकडे वळली. "खोटारड्या, किती तुकडे होते?"

"ते गणिताने निघत नाही का?" शौकीने आशेने विचारलं.

डॉक्टर लमीस पडद्याबाहेर जाऊन हसून आल्या. "पास," त्या म्हणाल्या. "आणि गुरुवारी हा प्रयोग तुम्ही सगळ्या वर्गाला थेट करून दाखवायचा. शिकवायचं तुम्ही. मी ऐकणार."

गुरुवारी गल्ली नटून आली. उम्म नागीने वाळत घातलेले कपडे काढून घेतले होते. बय्यूमीचाचा इस्त्रीचा सदरा घालून, ठरल्या झोक्याला ठरला माल घालत होता. तीनशे मुलं फोनच्या पलीकडे होती आणि इन्शिराह मोजत होती, या वेळी प्रत्येक आकडा गोड आवाजात. विसाव्याला रोट्या, पंचविसाव्याला बटाटे. अठ्ठाविसाव्याला, ठरलेलं नसताना, एक कागदाची पुडी. जित्याची खोड ती.

पिवळी मांजर कोपऱ्यात तयारच होती. पहिली उडी हुकली. दुसरीला तिने टोपलीची कड पकडली, पुडी अलगद तोंडात धरली आणि खाली उतरली. इन्शिराहने झटकन वर बघितलं. शौकीचे दोन्ही हात डोक्यावर होते, सगळ्या गल्लीला दिसतील असे, आणि तो डोळे घट्ट मिटून उभा होता.

शेवटच्या दहा झोक्यांचा वेळ आला सहासष्ट पूर्णांक सहा.

"बाई, एक शंका," फोनमधून कुणा मुलीचा आवाज आला. इन्शिराहला आधी कळलंच नाही की हाक आपल्याला आहे. "बाई, ते मांजर काय खातंय?"

"माझ्या नवऱ्याचा बसबूसा," इन्शिराहबाई म्हणाल्या. "लिहून घ्या सगळ्यांनी. दोरीची लांबी अकरा मीटर, शेवटपर्यंत."